द्वारकाअक्काचं नाक

पेपरचं पान उलटताना माझा हात अजूनही अडखळतो. घरात हे फक्त मीनाला, माझ्या बायकोला ठाऊक आहे, आणि आता तीही त्यावर काही बोलत नाही. उलटू की नको, असं क्षणभर होतं. मग मी आवाज न करता पान उलटतो, जणू भिंतीपलीकडे कुणीतरी कढईपुढे बसलं आहे आणि या आवाजावर त्यांचं काहीतरी ठरणार आहे. ते कुणीतरी म्हणजे धुळ्याच्या द्वारकाअक्का. त्यांच्याविषयी लिहिलं तर मी त्यांचं भलं केलं की वाईट, हे कदाचित मला समजेल. इतकी वर्षं विचार करून समजलेलं नाही, तेव्हा फार आशाही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिशी ओलांडलेली, पाटबंधारे खात्यातला कारकून. बदली होऊन धुळ्याला आलो. मीना जळगावला शाळेत शिकवत होती, तिची नोकरी तिथेच राहिली. मी एक खोली घेतली आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने जळगावला जायचं, सोमवारी पहाटे परतायचं असं सुरू केलं. खोलीला लहानसा ओटा होता, ओट्याला लागून कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे द्वारकाअक्कांचं अंगण.

अक्का साठीच्या घरात असतील. नवरा आग्रा रोडवर ट्रक चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. पारोळ्याला पुतण्या होता. मला त्यांची माहिती एवढीच, आणि आमच्या गल्लीत एवढीही कुणी विचारत नसे. गल्लीला त्यांचं नाक माहीत होतं.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचा काळा मसाला होतो. धने, खोबरं, लवंग, मिरे, बाद्यान, दगडफूल, शहाजिरे, कलमी. दालचिनीला आमच्याकडे कलमी म्हणतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते शेजारणीला कुणी सांगत नाही. पण भाजायला सगळ्या घरांच्या पिशव्या अक्कांच्या अंगणात यायच्या. अक्का चुलीवर लोखंडी कढई ठेवायच्या, त्यात धने टाकायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. हात फिरत राहायचा. बायका बोलत असायच्या, पण कलमी कढईत पडली की सगळ्यांनी गप्प बसायचं, असा तिथला नियम. मग अक्का एकदम डोळे उघडून कढई खाली उतरवायच्या. धन्याचा रंग बघून भाजणाऱ्या बायकांची त्यांना कीव यायची. "डोयास्ले काय कळस," म्हणायच्या. डोळ्यांना काय कळतंय.

मसाल्याचे दोन महिने त्या नाकाला जपायच्या. गजरा नाही, वासाचा साबण नाही. देवापुढे उदबत्तीसुद्धा लावायच्या नाहीत, नुसता दिवा. देवाला दोन महिने वास नाही आला तरी तो रागावत नाही, मसाला मात्र वर्षभर रागावतो, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत नवी आलेली एक सून एकदा तोंडाला वासाची पावडर लावून अंगणात आली, तर अक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवून तिला तोंड धुऊन यायला सांगितलं. ती बिचारी रडवेली झाली. त्याच दिवशी अक्कांनी तिला मांडीशी बसवून शहाजिरं कसं भाजायचं ते दाखवलं.

दिवाळीआधी हेच नाक बेकरीवर जायचं. घरात भट्टी कुणाकडे असणार? मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि आपल्यासमोर नानखटाई पाडून घ्यायच्या. सगळ्या जणी वेलची घालायच्या, अक्का कलमीची पूड घालायच्या. बेकरीवाला आडदांड माणूस, गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारा नव्हे. पण अक्का बाहेरच्या बाकावर बसलेल्या असल्या की तो ट्रे आत सारून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. त्या बसल्या जागेवरून "काढ" म्हणायच्या आणि तो काढायचा.

मी जेवायला खाणावळीत जातो हे कळल्यावर त्यांनी मला भिंतीवरून वाटी द्यायला सुरुवात केली. कधी बट्टीबरोबरची डाळ, तीत कलमीचा तुकडा तरंगत असायचा. कधी शेवभाजी. त्यांची अहिराणी मला सुरुवातीला अर्धीच कळायची. माझं गाव बोदवड, तिकडची बोली निराळी. मी वाटीचा वास घेऊन यात काय काय आहे ते ओळखावं असा त्यांचा खेळ असायचा आणि मी लवंगेला बाद्यान म्हणायचो. "बोदवडनं नाक शे ना," त्या म्हणायच्या, "गाडीना धूरम्हा वाढेल." रेल्वेच्या धुरात वाढलेलं नाक, त्याच्याकडून अपेक्षा तरी काय करायची.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात अक्का तापाने पडल्या. पंधरवडाभर अंथरुणावर होत्या, मग उठून कामाला लागल्या. एका सकाळी मला करपल्या दुधाचा वास आला. मी भिंत ओलांडून आत गेलो. पातेल्यातलं दूध आटून काळं पडलं होतं, खोलीत धूर होता, आणि पातेल्यापासून हातभर अंतरावर, चुलीकडे पाठ करून अक्का तूर निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, अक्का, दूध करपलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे वळून पातेल्याकडे बघितलं. उठल्या, पातेलं उतरवलं. मग जाऊन दार लावून घेतलं.

"कोनले सांगू नको," म्हणाल्या.

तापाबरोबर वास गेला होता. येईल येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. डॉक्टरने येईलही म्हटलं होतं आणि नाहीही येणार म्हटलं होतं. चैत्र दीड महिन्यावर आला होता. गल्लीला कळलं तर पिशव्या येणार नाहीत, हे उघड होतं. पिशव्या आल्या नाहीत तर अक्का कोण, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. त्यांना ते विचारावं लागत होतं. त्या माझ्या नाकाकडे बघत बसल्या. बायकांपैकी कुणाला सांगितलं तर दुपारपर्यंत गल्लीभर होईल, पुरुषमाणसाचं तसं नसतं, असं म्हणाल्या, आणि मग, "तू शे ना." तू आहेस ना, तुझं नाक आहे.

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. पुढचा दीड महिना रोज संध्याकाळी शिकवणी झाली. अक्का कढईत मूठभर धने टाकायच्या आणि मला डोळे मिटायला लावायच्या. आपल्याला न येणारा वास त्या आठवणीतून सांगायच्या. आधी ओल्या गोणपाटाचा येईल, तो कच्चा. मग शाळेतल्या नव्या कोऱ्या पुस्तकाचा येईल, तिथेच उतरवायचं, त्याच्या पुढे गेलं की गेलं. कलमीचा आधी सुताराच्या दुकानासारखा येतो. मग न्हाऊ घातलेल्या लेकराच्या टाळूचा. मला तेव्हा मूल नव्हतं, त्यांना कधीच झालं नव्हतं. तरी हा वास आला की मला ओळखू येऊ लागला. कसा, ते सांगता येणार नाही.

खूण पेपरची ठरली. मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत बसायचं, अक्का अंगणात कढई हलवणार. वास ठिकाणावर आला की मी पान उलटायचं, जरा फडफडवून. अक्का डोळे उघडून कढई उतरवणार. मला सुट्टी रविवारी, म्हणून अक्कांनी गल्लीत सांगून टाकलं की यंदापासून मसाला फक्त रविवारी भाजला जाईल. कारण काय सांगितलं ते मला आठवत नाही. कुणी विचारलं नसावं.

मसाल्याचे दोन महिने माझं जळगावला जायचं बंद झालं. मीनाला कळवलं, ऑफिसात जादा काम आहे. कोनले सांगू नको यात बायको येते की नाही, हे मी अक्कांना विचारलंच नव्हतं. मध्येच एकदा एका दिवसाची रजा टाकून गेलो, तर मीनाने माझा शर्ट धुवायला घेतला आणि नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मग पाटबंधारे खात्यात हल्ली धने भाजतात का, असं विचारलं. मी खरं सांगून टाकलं. ती हसली. मग म्हणाली की हे फार दिवस चालणार नाही, कुणालातरी त्रास होणार. मला वाटलं, ती तिच्याबद्दल बोलते आहे.

पण पहिलं वर्ष निभावलं. मी पानं उलटली, अक्कांनी कढया उतरवल्या, मसाले गिरणीवर गेले. दिवाळीत मी बेकरीबाहेर बायकांच्या घोळक्यात पेपर घेऊन बसलो. पावाच्या वासात नानखटाईचा वास वेगळा काढताना माझं डोकं दुखलं, पण ट्रे वेळेवर निघाला. अक्कांनी पहिली नानखटाई मला दिली. मला अभिमान वाटला आणि तो वाटल्याची शरमही वाटली, कारण एका बाईचं गेलेलं नाक मला मिरवायला मिळालं होतं.

दुसऱ्या चैत्रात समोरच्या लीलाबाईंचा मसाला होता. लीलाबाई शेतकऱ्याच्या घरातल्या, तोंडाने सडेतोड. मुलीचं लग्न वैशाखात होतं, स्वयंपाक घरचाच, त्यामुळे धने नेहमीच्या कितीतरी पट. अंगणात सात-आठ बायका होत्या. मी ओट्यावर. धन्याला नुकती ऊब लागली होती. पेपरच्या पहिल्या पानावर खाली बातमी होती, बोदवडकडे गारपीट, घरांचे पत्रे उडाले, बाकीचा मजकूर आत. माझे आईवडील तिथे होते. मी पान उलटलं.

कढई उतरल्याचा आवाज आला तेव्हा मला समजलं. हवेत अजून ओलं गोणपाट होतं. मी मान वर केली. अक्का सगळे धने सुपात ओतत होत्या, चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान. लीलाबाई शेजारीच होत्या. त्यांच्यासमोर मी काय ओरडणार होतो, अक्का, परत चढवा? कच्चे धने गिरणीकडे निघाले.

लग्नाच्या पंगतीत मी घास घेतला. भाजी चांगली होती. मी परत घेऊन बघितली, चांगलीच होती. लीलाबाई वाढत वाढत अक्कांपाशी आल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, "अक्का, औंदाना मसाला बठ्ठास्पेक्षा भारी शे." सगळ्यांपेक्षा भारी. दुसऱ्या बायकांनीही माना डोलावल्या. अक्कांनी लांबून, पुरुषांच्या पंगतीत बसलेल्या माझ्याकडे बघितलं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ते हसू मला झेपलं नाही. खोटं श्रेय अंगावर घेऊन एक दिवस काढणंही मला जड गेलं. सकाळी भिंतीपाशी जाऊन मी त्यांना सांगितलं की ते पान मी वासावरून उलटलं नव्हतं, बातमी पुढच्या पानावर होती.

अक्का भांडी घासत होत्या.

"म्हंजे कच्चा गया?"

"हो."

"आनि लीला भारी म्हने."

"हो, अक्का."

त्यांनी भांडं पालथं घातलं. मग अगदी साध्या आवाजात, न रागावता म्हणाल्या, "मंग इतला वरीस मी काय करं, भाऊ?"

कच्चा आणि भाजलेला जर कुणाला कळतच नव्हता, तर इतकी वर्षं मी काय केलं, असा त्यांचा प्रश्न. मी क्षमा मागायची तयारी करून गेलो होतो. या प्रश्नाची तयारी नव्हती. वास गेला तेव्हा त्या खचल्या नव्हत्या, त्यांनी माझं नाक उसनं घेतलं होतं. आता नाकाचीच गरज नव्हती असं निघालं, आणि तेही मी प्रामाणिक आहे म्हणून. खरं सांगून मोकळं व्हायची घाई मला झाली होती. त्यांना ते ऐकायची नव्हती.

पुढच्या रविवारी अक्कांनी बायकांना सांगितलं की खांदा दुखतो, आता जमणार नाही. कुणी आग्रह केला नाही. त्यानंतर ऐन वैशाखात त्यांच्या देवापुढे उदबत्ती लागलेली मी पाहिली. केसात मोगऱ्याचा गजरा आला. वासाच्या साबणाची वडी आणून त्या आंघोळ करू लागल्या, त्यांना तो वास येत नव्हता तरी. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, वाटी द्यायच्या, बोदवडच्या नाकावरून चिडवायच्या. डाळीत कलमीचा तुकडा मात्र नसायचा. त्या सुटल्या होत्या की संपल्या होत्या, मला ओळखता येईना. वर्षभरात माझी बदली जळगावला झाली, आणि नंतर कधीतरी अक्काही घर सोडून पारोळ्याला पुतण्याकडे राहायला गेल्या असं कळलं.

पाच-सहा वर्षांनी जळगावातच एका लग्नात लीलाबाई भेटल्या. मीना बरोबर होती, आमची मुलगी तिच्या कडेवर. बोलता बोलता अक्कांचा विषय निघाला आणि लीलाबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भर उन्हात, मिरचीच्या ठसक्यात ओट्यावर बसून पेपर कोण वाचतं? आणि मसाला रविवारीच का, हे न कळायला आम्ही काय खुळ्या? मग त्यांनी सांगितलं की आपल्या लेकीच्या लग्नाचे धने कच्चे आहेत हे सुपात पडले तेव्हाच कळलं होतं. गिरणीवर न नेता घरी नेले, खिडक्या लावून घेतल्या आणि परत भाजले. अक्कांना वाईट वाटू नये म्हणून पंगतीत जरा जास्तच बोलले.

मी लीलाबाईंना सांगितलं, की मी दुसऱ्याच दिवशी अक्कांना सगळं सांगून टाकलं होतं.

त्यांचं हसू गेलं. "कसाले सांगं तुम्ही?" त्या म्हणाल्या. कशाला सांगितलंत?

त्या बायकांनी खोटं बोलून अक्कांना जपलं. मी खरं बोललो आणि त्यांच्या खोट्याचाच वार झाला. यात चूक नेमकी कुणाची, हे मी मीनाला त्या रात्री विचारत राहिलो. ती म्हणाली, मला विचारू नका, पारोळ्याला जा. पण तिथे जाऊन काय सांगायचं, हेही कोडंच होतं. बायकांना कच्चं ओळखता येत होतं, म्हणजे तुमचं भाजणं वाया गेलं नव्हतं, हे सांगायचं तर त्याबरोबर हेही सांगावं लागणार होतं की तुमचं गुपित कधी गुपित नव्हतंच. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. मागे एकदा खरं सांगून मी काय केलं होतं ते समोर होतं. तरी गेलो.

पुतण्याचं घर पारोळ्याच्या किल्ल्याच्या बाजूला होतं. दुपार होती, वैशाखच होता. घरातली सगळी लग्नाला गेलेली, अक्का एकट्याच होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. मला बघून "बोदवडवाला वना", बोदवडवाला आला, असं म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. पुतण्याच्या बायकोने विजेवरचा गोल ओव्हन घेतला होता, तो माजघरात स्टुलावर सुरू होता. झाकणाला मध्ये लहानशी काच होती, पण ती जळून तपकिरी झाली होती, आतलं काही दिसत नव्हतं. त्यात नानखटाई लावली आहे म्हणाल्या, पोरं आल्यावर खातील.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. लीलाबाई काय म्हणाल्या ते, खिडक्या लावून धने परत भाजले ते. त्यांना सुपातच कळलं होतं, हे मी दोनदा सांगितलं. अक्का पदराने वारा घेत ऐकत होत्या. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

"लीलानी परत भुंजं?"

"हो, अक्का."

"मंग करपाडं व्हई," त्या म्हणाल्या. मग तिने करपवलं असेल.

एवढंच. त्यावर मी हसायचं की काय करायचं, हे मला समजलं नाही. माझं काही चुकलं का, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी कोनाड्यातला शिळा पेपर काढून माझ्या हातात दिला. "बस. वाच," म्हणाल्या, आणि ओव्हनकडे पाठ करून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या.

त्या मला चिडवत होत्या की खरंच सांगत होत्या, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी पेपर उघडला. समोर देवाचा कोनाडा होता, तेलाचा दिवा होता. उदबत्तीचं घर रिकामं होतं. थोड्या वेळाने कलमीचा वास येऊ लागला, आधी सुताराच्या दुकानाचा, मग हळूहळू बदलत चाललेला. आता माझ्या घरी मुलगी होती, तिची टाळू मी रोज हुंगत होतो, तरी माझी खात्री होईना. थोडं थांबावं असं वाटलं. आणखी थोडं. मी पानाचा कोपरा चिमटीत धरून ठेवला.

अक्कांनी डोळे उघडले, उठल्या, बटण बंद केलं आणि फडक्याने झाकण उचललं. नानखटाया खालून नुसत्या रंगावर आल्या होत्या, एकही करपलेली नव्हती, एकही कच्ची नव्हती.

मी पान उलटलं नव्हतं.